आमदाराचं पोतं

संपाचा सहावा दिवस उजाडला तरी यार्डातलं एकही पोतं जागचं हललं नव्हतं. गव्हाचा ऐन हंगाम. शेडं भरली, ओटे भरले, ओट्यांमधल्या वाटा भरल्या आणि थप्प्या मुतारीच्या भिंतीला जाऊन भिडल्या. फाटकाबाहेर ट्रकांची रांग, ड्रायव्हर ट्रकखालच्या सावलीत घोरत पडलेले. अडते पंख्याखाली बसून शिव्या देत होते आणि हमाल पाण्याच्या टाकीशी बसून त्या ऐकून घेत होते. मागणी एकच होती. क्विंटलचं पोतं पाठीवर घेणार नाही. पन्नास किलोचं भरा, दोन खेपा करू.

दाभणबाई घरीच होती. यार्डात भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायचं तिचं काम. हातात वीतभर दाभण, कमरेला सुतळीचा गुंडा. नाव त्या दाभणावरून पडलं असं ती सांगायची, जिभेवरून पडलं असं यार्ड सांगायचं. संपामुळे शिवायला तोंडंच नव्हती, म्हणून ती उंबऱ्यात बसून फाटक्या बारदानाला ठिगळं लावत होती. आत खाटेवर मुलगा पडला होता. सात आठवडे तसाच उताणा.

क्विंटल पाठीवर घेऊन तो ट्रकच्या फळीवर चढत होता. फळी वाकली, पाय सटकला, तो खाली आणि पोतं त्याच्या कमरेवर. एक डॉक्टर म्हणाला उठेल, दुसरा म्हणाला सांगता येत नाही. अडत्या म्हणाला, "चपला घालून फळीवर चढतात का?" पोराच्या पायात चपला नव्हत्याच. फळीशेजारी दुसऱ्याच कुणाच्या तरी पडल्या होत्या, त्याच अडत्याने सगळ्यांना दाखवल्या. त्या पोत्याचं तोंड शिवलं होतं ते दाभणबाईने. हे ती कुणाला बोलली नव्हती, पण आताशा सुतळी ओढताना तिचा हात मध्येच थांबायचा.

"काकू, आहात का?"

आमदाराचा पीए दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, दोन हातांत दोन फोन. त्याच्या मागे दोघांनी एक चाकांची खुर्ची उचलून आणली होती, प्लॅस्टिकसकट. खुर्चीच्या पाठीवर आमदाराचा हसरा फोटो चिकटवलेला.

"भाऊंनी पाठवलीय. खास तुमच्यासाठी."

"त्यांना बसताच येत नाही अजून," आतून सून म्हणाली.

"येईल हो ताई, आशा सोडायची नाही." पीएने खुर्ची खाटेला टेकवून लावली, एक फोन पुढे धरला. "काकू, जरा दांडीला हात लावून उभ्या राहा. थोडं हसा. नको, नको, हसू नका. असंच बरं दिसतंय."

आणि दाभणबाई उभी राहिली. फोटो काढून झाल्यावर तिला स्वतःचाच इतका राग आला की दाभणाचं टोक अंगठ्यात रुतलं तरी तिला कळलं नाही. पोरगा डोळे मिटून पडून होता. झोपला नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

पीए दारापर्यंत गेला आणि मागे फिरला. आवाज खाली आणून म्हणाला, "आणि उद्यासाठी ते आपलं नेहमीचं."

"काय नेहमीचं?"

"पोतं हो. लाल सुतळीचं. भाऊ दहाला येतायत. पहिलं पोतं स्वतः उचलून ट्रकमध्ये टाकणार, काम सुरू करून देणार. टीव्हीवाले आहेत."

"आणि पन्नासचा कागद?"

"आधी काम सुरू होऊ द्या. मग त्यावर बसून चर्चा करू."

"सही करायला बसावं कशाला लागतं? उभ्यानेही होते."

पीए हसला. असल्या बायकांना कसं हसून घालवायचं, हे तो पगार घेऊन शिकला होता. "काकू, मतदान तीन आठवड्यांवर आलंय. भाऊ निवडून आले तरच पन्नासचं काहीतरी होणार ना? तुमचंच घर आहे ते."

त्याची गाडी गेली तेव्हा धुळीने बारदान भरलं. दाभणबाईने ते झटकलं आणि पुन्हा ठिगळ धरलं, पण टाका काही पडेना.

आमदार हा काही आभाळातून पडलेला माणूस नव्हता. याच यार्डात त्याने अकरा वर्षं पाठ झिजवली होती, आणि तो दाभणबाईच्या नवऱ्याचा जोडीदार होता. क्विंटलचं पोतं एकट्याने उचलायची गोष्टच नाही. एकाने कान, म्हणजे पोत्याचे वरचे कोपरे धरायचे, दुसऱ्याने बूड, आणि एका हेलकाव्यात तिसऱ्याच्या पाठीवर घालायचं. घालणाऱ्याने ते पाठीवर नीट बसेपर्यंत हात काढायचा नाही, आणि खालचा डगमगला तर आपला खांदा घालायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडणाऱ्याला यार्डात कुणी पाणी विचारत नसे. दाभणबाईच्या नवऱ्याच्या हाताखाली आजवर एकही माणूस पडला नव्हता, म्हणून त्याला सगळे खांब म्हणत. मुलगा पडला त्या दिवशी खांब दुसऱ्या ट्रकवर होता. ते दुःख तो कुणापाशी काढत नसे.

दोघांत खांब उचलणारा आणि हा बोलणारा. हमालांना प्यायला पाणी मिळावं म्हणून यार्डात पहिला संप झाला, तेव्हा हा ओट्यावर चढून असा काही बोलला की मापाडीसुद्धा काटा सोडून ऐकायला आले. पोलिसांनी त्याचं डोकं फोडलं. आठवडाभर तो दाभणबाईच्या घरी पडून होता, ती त्याला भरवत होती. तो तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भावजी. डोक्याला पट्टी बांधूनच त्याने निवडणुकीचा अर्ज भरला. "विधानसभेत गेलो की पहिलं काम पन्नास किलो," असं तो तिच्या हातचं जेवताना म्हणाला होता, आणि ते अगदी मनापासून म्हणाला होता. आता तिला सगळ्यात जास्त चीड यायची ती त्या मनापासून म्हणण्याचीच.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी यार्डातून पोतं उचलून मिरवणूक काढायचं ठरलं होतं, आणि त्या दिवशी त्याच्या अंगात सडकून ताप. उभं राहवेना. तेव्हा खांबच म्हणाला, "भुसा भरू. वर दोन ओंजळी गहू टाकू. कोण बघायला येतंय?" दाभणबाईने भुशाचं पोतं ठासून भरलं, तोंड शिवलं आणि नवऱ्याला ओळखू यावं म्हणून कानाला लाल सुतळीची गाठ मारली. त्यात लबाडी कुणाच्याच मनात नव्हती. घरच्या माणसाला तापात ओझं कसं द्यायचं, एवढंच होतं.

पहिल्या खेपेला त्याने सभागृहात पोत्यावर भाषण केलं. यार्डात रेडिओभोवती ही गर्दी झाली होती, दाभणबाई तर तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली होती. दुसऱ्या निवडणुकीला त्याला ताप नव्हता, पोट सुटलं होतं. पुन्हा भुसा. त्या खेपेला पन्नास किलोच्या कायद्याचा मसुदा खरोखरच सभागृहासमोर आला, आणि नेमका तेव्हा हा चहा प्यायला बाहेर गेलेला. मसुदा अभ्यासासाठी एका समितीकडे गेला. त्या समितीचा अध्यक्ष हाच झाला, आणि नऊ वर्षं त्याचा अभ्यास चालू होता. तिसऱ्या निवडणुकीला भुशाचा निरोप घेऊन पीए आला, स्वतः तो आलाच नाही. एव्हाना यार्डाबाहेर त्याच्या मेहुण्याच्या नावाने गोदामं उभी राहिली होती. यार्डाच्या समितीवरही अध्यक्ष म्हणून तोच बसला होता. म्हणजे या यार्डात पोतं पन्नासचं करायला विधानसभा लागत नव्हती, काही लागत नव्हतं. त्याची एक सही पुरे होती. हमालांनी एका ओळीचा कागद लिहून घेतला होता, खाली जागा सोडली होती.

दिवे लागायच्या आत खांब घरी आला. खाटेशी लावलेली खुर्ची बघून त्याने फोटो चिकटवलेली तिची पाठ भिंतीकडे फिरवली आणि हात धुतले.

"पीए येऊन गेला म्हणे."

"भुसा मागायला आला होता."

खांब पंचाने हात पुसत राहिला.

"या वेळी मी भरणार नाही," ती म्हणाली. "आत पोरगं पडलंय क्विंटलखाली सापडून, आणि तो भुसा उचलून टीव्हीवर दाखवणार की बघा क्विंटल किती हलका असतो. आपण भरून द्यायचा तो भुसा? आपल्या हाताने?"

"भाऊ उद्या सही करतील."

"कुणी सांगितलं?"

"मी त्यांच्याशी बोलतो. माझं ऐकतील ते."

"पंधरा वर्षांत काय ऐकलं तुमचं? साहेब साहेब करत गाडीमागे पळता तुम्ही. एके काळी एका ताटात जेवत होता त्याच्याबरोबर."

"मग काय करू?" खांबचा आवाज चढला तसा तो आतल्या खाटेकडे बघून पुन्हा उतरला. "सगळ्यांसमोर सांगू की भुसा होता? मीच भरायला लावला होता पहिल्यांदा. मी लबाड, तू लबाड. लोक आधी आपल्या तोंडात शेण घालतील."

ते खरंच होतं, म्हणून तिला जास्त लागलं. खाटेवरून पोराचा आवाज आला. सात आठवड्यांत तो आपण होऊन फारसं बोलला नव्हता.

"त्याला एकदा खरं पोतं द्यायला पाहिजे," तो छताकडे बघत म्हणाला.

सुनेने त्याच्या कपाळावरचं फडकं बदललं. 

सकाळी सहाला दाभणबाई यार्डात गेली. भुशाचं पोतं तिने भरलं, शिवलं, लाल गाठही मारली. हात सवयीने चालत होते. पोतं एकटीने ओढत तिने पहिल्या ओट्यापाशी आणून ठेवलं, भरलेल्या पोत्यांच्या रांगेत. आणि तिथे ती उभी राहिली. बाजूचं पोतं तस्संच दिसत होतं. तेच बारदान, तोच टाका, तिच्याच हातचा. फक्त ते तिने ढकलून पाहिलं तर हललं नाही.

तिने दाताने लाल गाठ सोडवली आणि बाजूच्या पोत्याच्या कानाला बांधली. भुशाचं पोतं ओढत मागे थप्पीआड नेऊन टाकलं.  येऊ दे, ती मनात म्हणाली. येऊ दे तुझ्या पाठीवर. गुडघे मोडून पड सगळ्यांच्या समोर. मग विचारते तुला, क्विंटल म्हणजे काय ते.

दहाचे साडेअकरा झाले. ऊन असं की ओट्याच्या फरशीवर पाय ठरेना. हमाल, अडते, ड्रायव्हर, सगळे दाटीवाटीने उभे. दोन कॅमेरेवाले एका टेम्पोच्या टपावर चढले होते. आमदाराची गाडी आली, मागे पोलिसांची जीप. आमदार उतरला. पांढरा शर्ट, केसांना काळा कलप. त्याने घड्याळ काढून पीएकडे दिलं आणि पीएने पाठीवर टाकायचं गोणपाट त्याच्या हातात दिलं. धुऊन घडी घातलेलं गोणपाट यार्डाने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"काय खांबा!" आमदाराने कॅमेऱ्याकडे तोंड करून खांबला मिठी मारली. "पोरगा कसा आहे?"

"आहे, भाऊ."

"खुर्ची मिळाली ना?"

"मिळाली. भाऊ, तो कागद..."

"दे ना, दे." आमदाराने कागद घेतला, वाचल्यासारखं केलं, घडी घालून वरच्या खिशात ठेवला. मग माइक घेतला. "मित्रांनो, मी आमदार नंतर, हमाल आधी! ही पाठ तुमची आहे. आज पहिलं पोतं मी उचलतो आणि तुमचं काम सुरू करून देतो. गहू उन्हात पडून चालणार नाही. तो शेतकऱ्याचा घाम आहे!" टाळ्या पडल्या. जास्त अडत्यांच्या, थोड्या हमालांच्याही.

आमदार वाकला. हात गुडघ्यांवर, पाठ सपाट. वाकणं मात्र तो विसरला नव्हता.

खांबने लाल सुतळी शोधली आणि पोत्याचे कान धरले. दर वेळी तो हे पोतं एकटाच उचलायचा, चेहरा पिळवटून, जड असल्याचं सोंग करत. आज त्याने हिसका दिला आणि पोतं जागचं हललं नाही. त्याने मान वर केली आणि गर्दीत बायकोला शोधलं. दाभणबाईने नजर चुकवली नाही. त्याला सगळं कळलं, हे तिला दिसलं.

"अरे टाक की!" आमदार खालून म्हणाला.

आता खांबला थांबता आलं असतं. पोट दुखतं म्हणता आलं असतं, काहीही म्हणता आलं असतं. पण पुढे पाठ वाकलेली होती, हातात कान होते, आणि अशा वेळी डोक्याला विचारायची त्याच्या हातांना सवय नव्हती. त्याने मानेने बारक्याला खुणावलं. बारक्या हा त्याच्या टोळीतला, यार्डातला सगळ्यात उंच हमाल. त्याने येऊन बूड धरलं. एक हेलकावा, दुसरा, आणि पोतं आमदाराच्या पाठीवर गेलं.

आमदाराच्या तोंडून हवा गेल्यासारखा आवाज आला. उजवा गुडघा वाकला, मान पुढे लोंबली, डोळे पांढरे झाले. दाभणबाई मनात म्हणत होती, पड. पड आता.

आणि खांबने खांदा घातला.

मागून, पोत्याच्या बुडाखाली, त्याने आपला डावा खांदा सरकवला आणि सगळं ओझं अंगावर घेतलं. कॅमेरे समोर होते. त्यांना पोत्याखाली आमदार दिसत होता. त्याच्या मागे एक हमाल सोबत चालतोय, एवढंच. अकरा पावलं. फळीवर चढताना खांबच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. पोतं ट्रकमध्ये धप्पकन पडलं आणि यार्डात शिट्ट्या वाजल्या. आमदार लालबुंद, धापा टाकत, दोन्ही हात वर करून उभा राहिला. खांब फळीवरून उतरला, दोन पावलं चालला आणि खाली बसला. मग बसताही येईना म्हणून आडवा झाला.

दाभणबाई धावली. त्याला रिकाम्या बारदानावर घेतलं, पाणी पाजलं. "का?" ती एवढंच म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती नवऱ्यावर काढावी की स्वतःवर, तिला कळत नव्हतं.

"पडला असता ना तो," खांब म्हणाला.

ओट्यावर अडत्याने माइक घेतला होता. "बघितलंत? साठीला टेकलेला माणूस क्विंटल उचलतो, आणि तुम्हा जवानांना पन्नास पाहिजे! लाज वाटते का?"

"पोतं खरंच क्विंटलचं आहे ना?" कॅमेरेवाल्यांपैकी एकाने हसत विचारलं.

पीएची पाचावर धारण बसली. "अहो, आता कशाला ते? कार्यक्रम संपला, चहा घेऊ." पण आमदाराने हात वर केला. आज वर काय आलं होतं ते त्याच्या पाठीला बरोबर समजलं होतं. "घाला काट्यावर," तो म्हणाला. "होऊन जाऊ दे."

दोन ट्रकड्रायव्हरांनी पोतं फळीवरून घसरवत काट्यावर आणलं आणि मापाड्याने वजन वाचलं. "शंभर किलो चारशे ग्रॅम!"

असल्या टाळ्या यार्डात कधी पडल्या नव्हत्या. म्हातारे हमालसुद्धा वाजवत होते. आपण काय केलं ते दाभणबाईला आत्ता कळलं. भुसा तसाच ठेवला असता तर याच काट्यावर पंधरा वर्षांचं सोंग उघडं पडलं असतं. तो नेमका तिनेच काढून टाकला होता. त्याला खरं पोतं तिनेच दिलं, तोलून धरलं तिच्याच नवऱ्याने, आणि पन्नास किलोच्या मागणीचा गळा तिच्याच हाताने दाबला गेला होता.

"भुसा होता!" ती ओट्यावर चढून ओरडली. "मागच्या तिन्ही वेळा भुसा होता! मी भरलाय! आज मी बदललं, आणि आजही त्याने उचललं नाही, माझ्या नवऱ्याने उचललं!"

लोक तिच्याकडे बघायला लागले. काही हसले. पीएने तिच्या खांद्यावर हळूच हात ठेवला आणि माइकवर म्हणाला, "काकूंच्या मुलाचा अपघात झालाय. त्या दुःखात आहेत. आपण समजून घेऊ." आमदारानेही मान हलवली, अगदी हळहळल्यासारखी. "वहिनी, घरी जा. आराम करा. कागद मी नेतो, अभ्यास करतो."

अभ्यास हा शब्द तिच्या कानात गेला आणि तिचं ओरडणं थांबलं. तिने पीएचा हात झटकला. आवाज अगदी साधा झाला, पोती मोजताना असतो तसा.

"भावजी," ती म्हणाली. पंधरा वर्षांत तिने त्याला ही हाक मारली नव्हती. "क्विंटल हलका असतो, हे पटलं आम्हाला. हंगामात एक हमाल दिवसाला किती पोती वाहतो, ते तुम्हाला माहीत आहे. एकशे वीस. तुमचं एक झालं. एकशे एकोणीस राहिली."

कुणीतरी हसलं. पण या वेळचं हसणं तिच्यावरचं नव्हतं.

"ऊन आहे म्हणून काय झालं? आम्हालाही असतं. वाका."

"वहिनी, मला पुढे सभा आहे."

"एकशे एकोणीस," मागून बारक्या म्हणाला. पोत्याचं बूड धरताना खांबचा खांदा कुठे गेला ते त्याने पाहिलं होतं. मग आणखी कुणी म्हणालं, मग टाकीकडून दहा-वीस आवाज आले. टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांनी हात खाली घेतले. आमदार हसत हसत ओट्यावरून उतरला, हसत हसतच झपाझप गाडीत जाऊन बसला आणि काच वर केली.

गाडी सुरू झाली तेव्हा पुढच्या चाकासमोर एक पोतं पडलं. बारक्या आणि त्याच्या जोडीदाराने आणून टाकलेलं. मागच्या चाकामागे दुसरं पडलं. सहा दिवस ज्यांनी क्विंटलला बोट लावलं नव्हतं ते हमाल दोघं दोघं मिळून थप्पीवरून पोती उतरवत होते आणि गाडीभोवती रचत होते, थराला थर, ट्रकमध्ये लावतात तशी, खालच्या सांध्यावर वरचं पोतं येईल अशी. कुणी शिवी दिली नाही, काचेला कुणी हात लावला नाही. पाव तासात गाडीच्या खिडक्यांच्या खालपर्यंत भिंत आली आणि हमाल गुडघ्यांवर हात ठेवून सावलीत जाऊन बसले.

"पोती हलवा!" जीपमधून उतरून फौजदार ओरडला.

"साहेब, संप आहे," बारक्या म्हणाला.

दोन हवालदार, जीपचा ड्रायव्हर आणि पीए, चौघं एका पोत्याला भिडले. कुणी कुठे धरायचं तेच त्यांना कळेना. ओढाओढीत कान फाटला, गहू पीएच्या बुटांत गेला आणि पोतं होतं तिथेच राहिलं. अडते आपल्या पंख्यांखालून बघत होते, पण त्यांच्यातला एकही उन्हात उतरला नाही.

गाडीची काच खाली आली. आमदाराच्या शर्टाला घामाचे पट्टे पडले होते. त्याने मान बाहेर काढून बारदानावर पडलेल्या खांबला हाक मारली. "खांबा! अरे, सांग यांना. तुझं ऐकतील."

खांब कोपरावर उठला.  हा उठणार, दाभणबाईला वाटलं. त्याने हाक मारली की हा आजवर उठलाच आहे.

"माझी पाठ गेली," खांब म्हणाला. थांबला, श्वास घेतला. "कागद तुझ्या खिशात आहे. सही कर."

पंधरा वर्षांनी त्याच्या तोंडून तू आला होता.  आमदाराचा चेहरा आधी उतरला आणि मग तापला. तो खिडकीतून पोत्यांवर पाय टाकत कसाबसा बाहेर आला आणि बाह्या सारत ओरडला, "मला शिकवता? मीही हमालच आहे! तुमच्याआधी उचललीत मी पोती!"

दाभणबाई उठली. तिने पीएच्या खिशातलं पेन काढलं आणि नवऱ्याच्या जुन्या जोडीदारासमोर, सगळ्यात वरच्या पोत्यावर ठेवलं. 

आमदाराने पेनाकडे बघितलं नाही. त्याने वाकून शेजारच्या पोत्याचे दोन्ही कान मुठीत धरले, पाय रोवले आणि हिसका दिला. पुन्हा दिला. मग तसाच वाकलेला, कान घट्ट धरून, तो सावलीत बसलेल्या माणसांकडे एकेकाकडे बघत राहिला. बूड धरायला कुणी पुढे झालं नाही.